गोलूच्या कोपऱ्यातला समुद्र

आमच्या मैलापूरच्या घरातल्या हॉलचा एक कोपरा वर्षातले नऊ दिवस कामाला येतो आणि बाकी वर्षभर लोळत पडतो, असं माझं फार दिवसांपासून मत होतं. नवरात्रात सासूबाई तिथे गोलू मांडतात, म्हणजे पायऱ्या लावून त्यांवर त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेल्या बाहुल्या बसवतात. नवरात्र संपलं की बाहुल्या जुन्या धोतरांत गुंडाळून ट्रंकेत जातात आणि कोपरा मोकळा होतो. त्या कोपऱ्यात मी समुद्र आणायचं ठरवलं.

समुद्र म्हणजे दोन फुटी काचेची टाकी, खारं पाणी, खडक, थोडं प्रवाळ आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे.

"खरा समुद्र इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे," बायको म्हणाली.

"तो सगळ्यांचा आहे."

"आणि हा पुसायला कुणाचा असणार?"

यावर मी माशांच्या पुस्तकात डोकं घातलं.

निर्णय अर्थात सासूबाईंचा होता. मी साताऱ्याहून नोकरीसाठी या तमिळ मुलखात आलेला. त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे, आणि मला त्या जावई न म्हणता 'माप्पिळ्ळै' म्हणतात. अर्थ तोच, पण त्यांच्या तोंडून तो हुकमासारखा वाटतो.

"माप्पिळ्ळै, नवरात्रापर्यंत ठेवा," त्या म्हणाल्या. "मासे धड राहिले तर बाहुल्या पलीकडच्या भिंतीला बसतील. एक जरी गेला, तरी टाकी घराबाहेर. देवीच्या जागी मरण नको."

मला हे अगदीच सोपं वाटलं. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. माझं काम मोजायची साधनं तपासायचं. प्रत्येक साधनावर एक छोटं स्टिकर असतं: शेवटची तपासणी कधी, पुढची कधी. स्टिकर नसलेलं साधन कुणाच्या हातात दिसलं की मी तिथेच उभं राहून भाषण देतो. "मोजायचं साधन खोटं असेल तर तुमचं काम म्हणजे नुसता अंदाज," हे त्यातलं शेवटचं वाक्य. माझ्यामागे लोक त्याची नक्कलही करतात. अशा माणसाला दोन मासे जड जायचं काही कारण नव्हतं.

पहिले काही आठवडे टाकीत नुसतं पाणी आणि खडक. पाणी मुरावं लागतं, मगच मासे सोडायचे. मी रोज स्टूल घेऊन समोर बसायचो. शेजारीण काही विचारायला आली की बायको सांगायची, "बघतायत. दगड."

मग मासे आले आणि घरात थोडा मान मिळाला. दर रविवारी मी पाण्याची बाटली घेऊन कोळत्तूरला, मासे घेतले त्या दुकानदाराकडे जायचो. तो खारटपणा मोजून मान हलवायचा. बरेच रविवार असे गेल्यावर वाटलं, मोजण्यात हयात गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मानेवर का विसंबावं? मी स्वतःचं यंत्र मागवलं. छोट्या दुर्बिणीसारखं असतं. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, खारटपणाच्या पट्टीवर रेघ दिसते.

रेघ खाली होती. खारटपणा कमी. मी समुद्री मीठ पाण्यात विरघळवून टाकीत घातलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात नोंद केली. दोन दिवसांनी पुन्हा कमी. पुन्हा मीठ. तक्ता मोठा देखणा दिसू लागला. तेवढ्यात प्रवाळ मिटलं आणि एक मासा खडकामागे जाऊन बसला. नवरात्राला बारा दिवस उरले होते.

मी सगळ्यांवर संशय घेतला. फरशी पुसायच्या औषधावर, दिव्यावर, माशांच्या खाण्यावर. शेवटी हॉलमध्ये उदबत्ती लावायला बंदी केली. सासूबाईंनी उदबत्तीचं घर उचलून स्वयंपाकघरात नेलं, आणि तेव्हाच मला जरा भीती वाटली.

शनिवारी सकाळी त्या समुद्रावरून फिरून आल्या. लुगड्याचा काठ ओला होता. मी स्टुलावर उभा राहून टॉर्चने खडकामागे बघत होतो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

दर उन्हाळ्यात त्या माव्हडू घालतात, बोराएवढ्या कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवून. त्यात कधी माप नसतं, असंच बोट असतं. माझ्या समुद्राकडे त्यांनी त्या बरणीकडे बघावं तसं बघितलं.

"हे समुद्राचं पाणी नाही. हे माव्हडूचं आहे."

"अम्मा, मी मोजलंय. यंत्र म्हणतंय अजून कमीच आहे."

"यंत्राने समुद्र चाखलाय का? माझ्या तोंडावर आत्ता लाट येऊन गेली."

मी तक्ता दाखवणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, त्या यंत्रावर तुमचं ते स्टिकर कुठाय?"

स्टिकर नव्हतं. यंत्र खोक्यातून काढलं तेव्हापासून ते मी एकदाही तपासलं नव्हतं. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला जेवूही दिलं नसतं. मी पिण्याच्या कॅनमधल्या गोड पाण्याचा थेंब काचेवर टाकला. रेघ शून्यावर यायला हवी होती. ती शून्याच्याही खाली आरामात पडली होती. मी स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली आणि मग टाकीतला थेंब बघितला. आता रेघ समुद्राच्या खुणेच्या बरीच वर होती.

एकदम गोड पाणी ओतलं तर मासे दगावतात. रोज थोडं खारं काढायचं, तेवढंच गोड घालायचं. माझी कंपनीची बस पहाटे निघते, त्यामुळे दिवसाची पाळी सासूबाईंची. स्टीलच्या टंबलरने त्या पाणी बदलायच्या आणि चव घ्यायच्या. संध्याकाळी मी मोजायचो. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता जवळ आलं." यंत्रही तेच म्हणालं. मी ते दोनदा पुसून बघितलं.

आठव्या दिवशी खडकामागचा मासा बाहेर आला आणि दुसऱ्याच्या तोंडचं खाणं पळवून गेला. प्रवाळ हळूहळू उमललं. उदबत्ती परत आली. ती जरा लांब लावू या का, असं मी विचारून पाहिलं. सासूबाईंनी आणखी एक लावली.

नवरात्राच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ट्रंक उघडायला सांगितली. टाकीपाशी गेल्या, बोट बुडवलं, चाखलं.

"पायऱ्या पलीकडे लावा," त्या म्हणाल्या.

मी लावल्या. पहिल्याच संध्याकाळी कुंकवाला आलेल्या बायका बाहुल्या बघून झाल्यावर टाकीपुढे थांबल्या. हातातलं सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, खात एकीने विचारलं, यात मीठ बरोबर आहे हे कळतं कसं?

माझं यंत्र खिशातच होतं, नवंकोरं स्टिकर लावलेलं. मी ते काढेपर्यंत सासूबाई बोलून गेल्या.

"मी चाखते. मग माप्पिळ्ळै त्यातून बघतात. त्यांना बरं वाटतं."

मी यंत्र परत खिशात ठेवलं आणि सुंडलचं पातेलं घेऊन पुढच्या बाईकडे वळलो.