पोत्याचा उंबरठा

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी तुमसरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचो. रोज सकाळी सिहोऱ्याच्या गाडीने एक गोरी मुलगी उतरायची. बेघर माणसांची सेवा करायला परदेशातून सहा महिन्यांसाठी काही पोरं आली होती, त्यांतलीच ही, सिहोऱ्याला लोकांच्या घरी राहून आमची बोली शिकलेली. जेमतेम बाविशीची, उन्हाने लाल झालेली, प्रत्येक वाक्याला ‘जी’ लावणारी.

स्टँडच्या भिंतीशी कडुनिंबाखाली एक म्हातारी पोतं अंथरून राहायची. तिच्या पायाची जखम ही मुलगी धुवायची. पण आधी पोत्याच्या कडेला चपला काढायची आणि विचारायची, "आजी, येऊ का जी?" म्हातारी "ये वो माय" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायची नाही. कधी म्हातारी रुसून तोंड फिरवायची, तेव्हा ही अनवाणी उन्हात तशीच ताटकळायची. आमच्या गावच्या सरपंचाच्या दारातही कोणी इतक्या अदबीने उभं राहत नसे.

खेड्यातल्या घरांत शिकलेली रीत ती भलत्याच जागी पाळते आहे, असं वाटून मी एकदा म्हटलं, "बाई, इथं चपला कायले काढता? हे का घर आहे?"

तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "मंग आजी राहते कुठं जी?"

चार वर्षं मी ते पोतं ओलांडून खिडकीकडे जात होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा वळसा घातला.

म्हातारी मागून म्हणाली, "बाहेरूनच चालला का गा बापू? आत ये ना."