खिळ्यावरचं ओलं फडकं

हिलालनाना गेल्याची बातमी मला गटारीनं दिली. दीड महिना झाला त्याला. सकाळी कचेरीला निघालो तर बाजारपेठेच्या बोळात घोटाभर काळं पाणी, दुकानदार फळीवर उभे, आणि जो तो माझ्याकडे बघतोय, कारण मी इथल्या नगर कमिटीचा ओव्हरसिअर. मी सायकल हातात धरून गावाबाहेरच्या पंपघरात गेलो. गावच्या सगळ्या गटारी तिथल्या विहिरीत येतात आणि तिथून ते पाणी पंपानं उचलून नदीकाठच्या गुजरांच्या उसाला सोडतात. मोटर शाबूत होती, वीजही होती. फक्त पाण्यावर तरंगणारा तांब्याचा पोकळ गोळा जागच्या जागी अडकून बसला होता. पाणी चढलं की हा गोळा वर येतो, त्याची सळई बटण दाबते आणि पंप आपोआप सुरू होतो. त्या सळईला कापसाच्या रेषांचा, बारीक तंतूंचा, बोटभर जाड थर बसला होता. आठवडाभराचा. तो थर पाहिला मात्र, आणि कोणी न सांगताच मला कळलं की नाना आता नाहीत... तसाच त्यांच्या घरी गेलो. तिसरा दिवस होता.

नाना मिस्तरी पंपावर होते तेव्हा तिथं ऑइल इंजिन होतं. मी नवा आलो होतो, पुस्तकातलं ज्ञान डोक्यात ठासून भरलेलं. नाना बाहेर लिंबाखाली बसून इंजिनाच्या जादा पट्ट्याला राळ लावत असायचे आणि आतला आवाज ऐकत असायचे. एकदा माझ्याशी बोलता बोलता मध्येच उठले. "पंप हवा खाई ऱ्हायना," म्हणजे पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय, असं म्हणाले आणि इंजिन बंद केलं. मी वाकून पाहिलं तर विहिरीचा तळ लागला होता. मला कसलाच फरक ऐकू आला नव्हता, पण मी जाणत्यासारखी मान डोलावली. ती सवय मला पहिल्यापासूनच.

पाणी चढलेलं कळावं म्हणून नानांनी स्वतः एक युक्ती केली होती. तळोद्याच्या बाजारातून मोठा वाळका भोपळा आणला, दोरीला बांधून विहिरीत सोडला, दोरी वर कप्पीवरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा अडकवली. पाणी चढलं की भोपळा वर येई, दोरी सैल पडे आणि घंटा खाली येऊन पत्र्यावर आपटे. गावात त्याची थट्टा व्हायची. 'नानांचा बैल हंबरला' म्हणायचे. मीही हसलो होतो. पण जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा ते हसले नाहीत. ते त्या भोपळ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग मला म्हणाले, "हे तुम्ही केलंत?" नाना दहा पावलांवर इंजिन पुसत होते. मी हो म्हणालो नाही... नाहीही म्हणालो नाही. साहेबांनी योजना लिहून पाठवायला सांगितली.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलची वीज नुकतीच गावाला मिळू लागली होती. मी ऐटीत योजना लिहिली. भोपळ्याऐवजी तांब्याचा गोळा, घंटेऐवजी बटण, इंजिनाऐवजी मोटर. नानांना आराखडा दाखवला तर ते खूश झाले, अगदी स्वतःच्या घराची वास्तुशांत असावी तसे. फक्त एक म्हणाले, "कापूसना दिन उनात का रेषा चिकटतस, सायब. रोज पुसनं पडस. मानूस लागसच." खरंच होतं ते. जिनिंग सुरू झालं की गावात रेषा उडतात आणि सगळ्या गटारीत येतात. पण माणूस लागतोच असं लिहिलं तर कमिटी नवा खर्च कशाला करील? मी शेवटी सुंदर अक्षरात लिहिलं, 'यास माणसाची गरज नाही.' योजना मंजूर झाली. पंपघराच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागली. आणि नानांची जागा गेली, त्याच वाक्यानं गेली. मी निरोप सांगितला तेव्हा नानांनी फक्त विचारलं, "मंग गोया कोन पुसी?" त्यांना गोळ्याचीच काळजी. मी म्हणालो, "पाहू, नाना." पंपघराची त्यांच्याकडची किल्ली परत घ्यायची मात्र राहूनच गेली.

पहिल्या जिनिंगला मी धास्तावलो होतो. पण गोळा अडकला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग मला खात्री वाटू लागली की रेषांची भीती ही म्हाताऱ्याची काळजी, दुसरं काही नाही. शेजारच्या गावांचे लोक पाहायला यायचे, मी दार उघडून म्हणायचो, "बघा, आत कोणी नाही." आत खिळ्यावर एक फडकं टांगलेलं असायचं. प्रत्येक वेळी ओलं. बंद खोलीत रोज फडकं कोण ओलं करतं, हा प्रश्न मला दोन वर्षं पडला नाही म्हणजे बघा, मी केवढा इंजिनिअर.

मग एका सकाळी नेहमीपेक्षा लवकर गेलो. दार अर्धं उघडं होतं. नाना विहिरीच्या काठावर पालथे पडून, हात खाली घालून, सळई पुसत होते. हलक्या हातानं, लहान पोराचं नाक पुसावं तसं. मला आत जाता आलं असतं. नाना, चुकलो, एवढं म्हणता आलं असतं. मी सायकल वळवली आणि निघून आलो. आत गेलो तर कमिटीला सांगावं लागणार, पाटी उतरणार, हे त्या क्षणी मनात आलं होतं. ते मी कशाला लपवू?

पुढच्या बाजारी नाना मिरचीच्या ढिगाशी भेटले. नेहमीसारखे हसले. म्हणाले, "सायब, तुमनी सायकलनी चैनले तेल द्या. दूरथीन ऐकाले येस." एवढंच. पंपाच्या पोटातली हवा ऐकणारा माणूस, त्याला माझी सायकल ऐकू येणार नव्हती थोडीच. त्यानंतर दोन वर्षं आम्ही भेटत राहिलो, पावसापाण्याचं बोलत राहिलो. ते पुसत राहिले, मी पाटीवर मिरवत राहिलो.

त्या दिवशी त्यांच्या घरी जिजी, म्हणजे नानांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. "ताप उना, चार दिनमा गयात," म्हणाली. मग सांगू लागली, "रोज सकायले जायेत. माले सांगेत, फिरी येस. पन नदीवर आंग धोईसन येयेत. भाऊबंद घानीना मिस्तरी म्हनीसन हासेत, म्हनीसन चोरीसन जायेत." भाऊबंद 'घाणीचा मिस्तरी' म्हणून हसायचे, म्हणून नाना घरातूनही चोरून जात होते तर. तिनं कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "तापमा बी सांगेत, सायबले किल्ली दी टाक, त्यासले समदं ठाऊक शे." जिजीनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी गोळा पुसतो. गटार तुंबलेली नाही. परवा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "तुमचं यंत्र आपलं आपण सुधारलं की!" आणि मी पुन्हा एकदा हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. अध्यक्ष वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथं लिहितो. ती युक्ती हिलाल मिस्तरींची होती. तिला माणूस लागतो. तो माणूस चार वर्षं होता, आणि ते मला ठाऊक होतं. पाटी मी आज उतरवली आहे.

पुसून झालं की फडकं पिळून त्याच खिळ्याला लावतो. सायकलच्या चैनला मात्र अजून तेल दिलेलं नाही. पंपघर जवळ आलं की ती कुरकुरते, आणि मी दाराशी थोडा वेळ थांबतो... आत कोणी ऐकत असलं तर त्याला कळावं, की या वेळी मी वळून गेलेलो नाही.