दूध घशातच होतं

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. केनियात, मोंबासाच्या किसाउनी भागातल्या आपल्या टपरीवर सौमू कोंबो पिवळ्या पिठात बुडवलेले बटाटे कढईत सोडत होती. टपरीमागच्या पडक्या भिंतीआड गर्द घेणारे बसतात. त्यांच्यातला त्सुमा, तिला मानाने 'बी' म्हणणारा, धावत आला.

"बी सौमू, लवकर चला! हमादी उठत नाहीये."

हमादी तिचा धाकटा भाऊ. गर्द जास्त होऊन कुणी पडलं तर टोचायचं औषध व्यसनींच्या मदत केंद्राने तिला दिलं होतं, शिकवलंही होतं. प्रत्यक्षात तिने ते कधी टोचलं नव्हतं. औषधाचा डबा उचलून ती पळाली.

हमादी उताणा पडला होता. ओठ राखेच्या रंगाचे, गळ्यावर ओघळलेलं दूध. इथे कुणी गर्द घेऊन असा पडला, की आधी दूध ओततात. त्याने विष उतरतं म्हणे. त्सुमाने दुसरी पिशवी दाताने फोडली.

"थोडंच गेलंय आत. अजून पाजू?"

"ते तू ढोस, गाढवा! बुडवलास त्याला!"

श्वास नव्हता. घशात नुसती खळखळ. सौमूने त्याला कुशीवर वळवलं, अंगावर पांघरलेल्या लेसोच्या कापडाच्या टोकाने तोंडातलं दूध पुसून काढलं. मग उताणा करून, मान मागे, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास दिला. छाती वर आली. पुन्हा दिला.

"कुपी फोड."

त्सुमाने घाईत इतकी आवळली की कुपी त्याच्या मुठीतच चुरली. डब्यात आता एकच उरली. ती सौमूने स्वतः फोडली, औषध सिरिंजमध्ये ओढलं, पँटवरूनच मांडीत सुई खुपसली आणि पुन्हा श्वास देऊ लागली.

"मेला का हो?"

"गप्प बस."

बऱ्याच वेळाने हमादी खोकला. डोळे उघडताच शिवी.

"कुणी उतरवली माझी नशा? सगळी वाया घालवलीत!" घामाने निथळत तो उठला, पुन्हा घ्यायला निघाला.

आता सौमूला जास्त भीती वाटली. औषधाचा जोर तासाभरात ओसरतो, गर्द मागे अंगात उरतं. पुन्हा पडला, तर टोचायला काही नव्हतं. तिने त्याचा शर्ट घट्ट धरला.

"टुकटुक रिक्षा आण."

"हॉस्पिटलात पोलीस असतात, बी सौमू."

"असू देत. धरायला माणूस जिवंत लागतो."

संध्याकाळी हमादी वॉर्डात होता, श्वास चालू होता. गर्दची तलफ भागवणारं मेथाडोन रोज घ्यायला सुरू कर, असं नर्सने सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मेथाडोन वाटपाची खिडकी उद्या सकाळी सातला उघडते आणि दहाला बंद होते.