डोमाजींचा सैल हात

श्री. डोमाजी सेलोकर यांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या एका टोमण्याने झाली. सत्तरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी नागपूरच्या एका दैनिकाचा तुमसरचा नवा बातमीदार होतो आणि गावाबाहेरच्या क्लबात टेनिसच्या सामन्यांची बातमी घ्यायला गेलो होतो. सामने संपल्यावर ओळखीच्या एका अधिकाऱ्याने गमतीने माझ्या हातात रॅकेट दिली. ती मी आयुष्यात प्रथमच धरत होतो. पलीकडून चेंडू आला. मी दात आवळले, खांदा कानापर्यंत नेला आणि सगळा जोर लावला. चेंडू कुंपणाबाहेरच्या चिंचेत जाऊन अडकला.

मैदानाच्या कडेला चुन्याची बादली घेऊन उभे असलेले एक सडपातळ गृहस्थ म्हणाले, "काहून जी, चेंडू मारून राहिले का साप?"

सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. जवळ येऊन त्यांनी माझी मूठ पाहिली. बोटे पांढरी पडली होती. "उद्या सकाळी या," ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब लोक यायच्या आधी."

डोमाजी त्या क्लबाचे मार्कर होते. मुरूम चाळणे, पाणी मारणे, लोखंडी रूळ फिरवणे, चुन्याच्या रेघा आखणे आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे, हे मार्करचे काम. करडी गावातल्या धान पिकवणाऱ्या घरात ते जन्मले आणि हा खेळ सभासदांशी खेळता खेळताच शिकले. त्यांच्याइतका सहज खेळणारा माणूस मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. पण मार्करचे नाव सामन्यांच्या यादीत घेत नसत. नोकरीभर ते क्लबात मागच्या दाराने गेले आणि त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. तक्रार नव्हती असे मात्र मला वाटत नाही.

सकाळचा एक तास गावातल्या लोकांना शिकवण्याची परवानगी त्यांनी चिटणिसांकडून मिळवली होती. मी दुसऱ्या दिवशी गेलो. रॅकेट कशी धरायची हे सांगताना त्यांनी विचारले, "रोवणी करणाऱ्या बाया पाह्यल्या का कधी? दिवसभर वाकून रोवतात. पण हात गच्च नसते. गच्च धरलं तं रोप मोडते, अन् सोडूनच देलं तं पाण्यावर तरंगते." मग म्हणाले, "चेंडू येयेपर्यंत हात झोपलेला पाह्यजे. चेंडू लागला का जागा व्हावा, अन् पुन्हा झोपी जावा."

समजायला हे सोपे होते. करायला गेलो की हात पुन्हा दगड होई. सैल सोडायचे म्हणून मी आणखी ताठ होत असे. तेव्हा डोमाजी जाळ्यापलीकडे गेले, एकेक चेंडू हाताने टाकू लागले आणि टाकता टाकता विचारू लागले, "आज काय खाल्लं जी?"

"पोहे."

"कांदा होता का?"

"होता."

"कोनं केले?"

"आईनं," म्हणता म्हणता माझ्या रॅकेटवरून चेंडू असा गेला, की तो मीच मारला हे मला खरे वाटले नाही. बोलणाऱ्या माणसाला दात आवळता येत नाहीत, हीच त्यांची सारी विद्या. दोन दिवसांत ही युक्ती आम्हा सर्वांना कळली. कळल्यावरही ती चालतच राहिली, याचे मला आजही नवल वाटते.

हा प्रश्न ते लहानमोठा कुणी न पाहता विचारत. एकदा एक नवे, तापट अधिकारी खेळायला शिकत होते. डोमाजींनी त्यांनाही विचारले. साहेब भडकले. "मी काय खाल्लं त्याच्याशी तुला काय करायचंय?"

"मले काई नाही जी," डोमाजी म्हणाले, "तुमच्या खांद्याले करायचं आहे."

उत्तर खरे होते, पण ते महागात पडले. सकाळची शिकवणी महिनाभर बंद झाली. तो महिनाभर डोमाजी नेहमीच्या वेळी येत, रूळ फिरवत, रेघा आखत आणि मोकळ्या मैदानाकडे पाहत बसत. माफी मागा, असे आम्ही सुचवले. "कायची मागू?" एवढेच ते म्हणाले. महिन्यानंतर शिकवणी सुरू झाली तेव्हा पहिल्या चेंडूला त्यांनी तोच प्रश्न विचारला.

माझी आई गेली त्यानंतरची गोष्ट. घरात चूल पेटली नव्हती. तिसऱ्या दिवशी डोमाजी दारात आले. हातात पितळी डबा होता. बसले आणि विचारले, "खाल्लं का काई?" या वेळी ते खरेच विचारत होते. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ होती. माझे खाऊन होईपर्यंत ते बसून राहिले. पुढे मैदानावर गेलो तेव्हा त्यांनी नुसते चेंडू टाकले. "आज विचारत नाही जी," म्हणाले. पोहे कोणी केले, हे त्यांच्या लक्षात होते.

अशा गौरव अंकात आनंदाने लिहावे, अशी अपेक्षा असते. मला ते पुरते जमणार नाही. क्लबात आता टेनिस खेळायला कोणी येत नाही. जाळे कुजले, रेघांवर गवत आले. तरी डोमाजी रोज रूळ फिरवत होते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ते रुळाशेजारीच पडलेले सापडले. लकव्याने उजवी बाजू गेली. पाय पुढे सुधारला. हात मात्र मिटला तो मिटलाच. ज्यांनी आमच्या मुठी सोडवल्या, त्यांची मूठ आता त्यांनाच सोडवत नाही.

साठी पूर्ण झाली म्हणून आम्ही शिष्यांनी सत्कार ठरवला. निमंत्रण द्यायला मी आणि पुष्पाताई भुरे गेलो. पुष्पाताई त्या मैदानावर खेळलेली पहिली मुलगी. आता लाखांदूरला शिक्षिका आहेत, एस.टी.ने मुद्दाम आल्या होत्या.

"सत्कार नाही पाह्यजे," डोमाजी म्हणाले.

"काहून?" पुष्पाताईंनी विचारले.

"नारळ कोणत्या हातानं घेऊ? डाव्या?"

उजवा हात त्यांनी धोतराच्या घडीत लपवला होता.

त्यांच्या पत्नी सरूबाई कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या. "दुनियेले हात सैल सोडाले शिकवलं," त्या म्हणाल्या, "अन् आता सोताचाच आयकत नाही."

"तू चूप बस."

"मी चूप बसली तं हा हात कोन चोळन?" त्यांनी तो हात ओढून मांडीवर घेतला. डोमाजी टक लावून त्याकडे पाहू लागले. जितके पाहत, तितकी मूठ घट्ट होई. "पाहू नका म्हणते ना! मांडवावरचा दोडका किती लांबला ते सांगा."

"हातभर झाला असन," ते म्हणाले आणि करंगळी किंचित सुटली. त्यांनी खाली पाहिले. करंगळी पुन्हा मिटली.

मग पुष्पाताई म्हणाल्या, "डोमाजी, आज काय खाल्लं जी?"

त्यांनी मान वर केली. "माही दवा मलेच पाजून राहिली का, पुष्पे?"

"हो. सांगा ना."

"भात. लाखोरीची डाळ. अन् हिनं केलेली खारट भाजी."

"खारट?" सरूबाई म्हणाल्या. "हात नाही सुटला, पण तोंड पाहा कसं सुटलं!"

"खारटले खारट नाही म्हणू तं काय म्हणू?" भांडण रंगत गेले. मी जाणूनबुजून खिडकीकडे पाहत होतो. तरी डोळ्यांच्या कडेने दिसले, की तर्जनी आणि मधले बोट सरूबाईंच्या तळव्यावर टेकली आहेत. तेवढेच. बाकीची बोटे मिटलेलीच होती.

निघताना डोमाजी म्हणाले, "येतो मी. पण तिथं कोनी माह्या हाताकडे पाह्याचं नाही."

हा अंक समारंभाच्या चार दिवस आधी सर्वांकडे पोचणार आहे, म्हणून हे सविस्तर लिहिले. समारंभ क्लबाच्या पुढच्या व्हरांड्यात आहे. डोमाजी पुढच्या पायऱ्यांनी येतील. नारळ पुष्पाताई देतील आणि देताना त्यांना काहीतरी विचारतील. त्या वेळी आपण सर्वांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. बोटे सुटली तर आनंदच आहे. नाही सुटली, तर पुष्पाताई त्यांच्या हाताखाली आपला हात धरतील आणि नारळ दोघे मिळून धरतील. टाळ्या वाजवायला घाई करू नये. डोमाजी हे वाचतील आणि आमची युक्ती ओळखतील, याची मला चिंता नाही. आम्हीही ती ओळखली होती.

गेलेली बाजू पूर्ण परत येईल, असे डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही लिहिणार नाही. डोमाजींना दीर्घ आयुष्य लाभो, एवढे मागतो. त्यातल्या प्रत्येक सकाळी, आज काय खाल्लं, असे विचारणारे कोणीतरी त्यांच्या जवळ असो, आणि भाजी खारट झाली असे सांगण्याइतका त्यांचा जीव मोकळा राहो.