पुढच्या ब्रेकची तार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर दर रविवारी सायकल चालवायचो त्यांच्यापैकीही कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट ठाऊक नाही. समोर कुणीतरी बसलंय, मुकाट ऐकतंय, असं धरून चाललं की लिहिता हात पुढे सरकतो — एवढंच.

गोष्ट एका सायकलच्या ब्रेकची आहे. अकरा वर्षं झाली.

आम्ही आठजण होतो. बहुतेक डोंबिवलीचे, दोघंतिघं कल्याणकडचे. पोट सुटू लागलेले, डॉक्टरांनी दम भरलेले. माझं नौपाड्यात औषधांचं दुकान, रविवारी बंद. आमच्यातल्या नंदूचा टेम्पो होता. भल्या सकाळी त्यात सायकली भरायच्या — पुढची चाकं काढून, नाहीतर आठ मावत नसत — आणि मुरबाडच्या पुढे एका जुन्या घाटाच्या पायथ्याशी उतरायचं. नवा रस्ता झाल्यापासून तो घाट गाड्यांना बंद. तोंडाशी लोखंडी दांडा आडवा टाकलेला. त्याखालून सायकल सरकवली की आपलंच राज्य. हॉर्न नाही, धूर नाही. डांबराच्या भेगांतून गवत आलेलं, वळणावर गुरं बसलेली, आणि आपण त्यांच्या बाजूने हळूच निघायचं, त्यांना न उठवता. चढावर स्वतःचा श्वास ऐकू यायचा. ठाण्या-कल्याणच्या माणसाला स्वतःचा श्वास कधी ऐकू येतो, सांगा?

वसंतभाऊ आमच्यात सगळ्यांत मोठे. अठ्ठावन्नचे होते तेव्हा. मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते, तो बंद पडल्यावर घरीच. पण हात थांबले नव्हते. बिल्डिंगमधले मिक्सर, नळ, पंखे, कुणाचं काय बिघडलं की हाक भाऊंनाच. आमच्या सायकलीही तेच बघायचे. आणि त्यांनी आम्हाला एक नियम लावून दिला होता, कारखान्यातून आणलेला — ज्याने बसवलं त्याने तपासायचं नाही. ‘आपला हात आपल्याच बाजूने साक्ष देतो,’ म्हणायचे. म्हणून उतार सुरू होण्याआधी जोड्या. मी तुझी सायकल तपासायची, तू माझी. दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, चाक उचलून फिरवायचं, आणि मोठ्याने म्हणायचं — ‘बरोबर’. आठ वेळा ‘बरोबर’ आल्याशिवाय कुणी पेडलवर पाय ठेवायचा नाही.

माझी जोडी भाऊंशी होती.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं मी मनात कितीदा सांगून पाहिलंय आणि दर वेळी जरा वळसा घालून.

त्या रविवारी पायथ्याशी माझं पुढचं चाक बसेना. चाक काढताना ब्रेकची तार तिच्या खोबणीतून सोडवावी लागते आणि चाक बसवल्यावर पुन्हा अडकवावी लागते, नाहीतर ब्रेक दाबला तरी काहीच होत नाही. मला ते कधीच धड जमलं नाही. भाऊ स्वतःचं अर्धं सोडून माझ्याकडे आले. माझ्याच हातून चाक बसवून घेतलं, तार अडकवून घेतली, वर टायरवर थाप मारली. तोवर बाकीचे निघालेले. मग त्यांनी आपलं चाक घाईघाईत बसवलं. चढावर ब्रेक लागतो कुणाला?

अर्ध्या चढावर मी उतरलो. दम संपला. सायकल हातात धरून चालू लागलो. भाऊ मागून आले, न थांबता, न धापता, आणि बाजूने जाताना म्हणाले, ‘काय रे मिलिंद, सायकलला फिरायला आणलंयस का? पट्टा तरी बांधायचास गळ्यात.’

पुढे चाललेले सगळे हसले. मीही हसलो. वर पोचल्यावर थर्मासमधला चहा पिताना नंदूने पुन्हा काढलं — ‘याच्या सायकलला बिस्कीट द्या रे, दमली असेल.’ पुन्हा हशा. भाऊंच्या मनात काही नव्हतं. ते तसेच बोलायचे सगळ्यांशी. मला ते तेव्हाही कळत होतं. पण मला लागलं. पंचेचाळिशीच्या माणसाला एवढ्याशाने लागावं? लागलं खरं.

मग तपासणी. भाऊंनी माझी सायकल तपासली — नेहमीसारखी, वाकून, सावकाश. ‘बरोबर.’ मी त्यांच्या सायकलजवळ गेलो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी पाहिलंच नाही. रागात होतो, लक्ष नव्हतं, वरवर हात फिरवला आणि ‘बरोबर’ म्हणालो. हेही काही कमी नाही. पण ते खरं नाही.

मी पाहिलं होतं. पुढच्या ब्रेकची तार लोंबत होती. बोटभर, अगदी उघड. कुणालाही दिसली असती.

आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. वाटलं, आता पहिल्या वळणावर ब्रेक दाबतील, लागणार नाही, पाय टेकवत थांबतील. मग सगळे हसतील. फिटर, आणि स्वतःचीच तार विसरले. मागचा ब्रेक आहेच की, असंही मी मनात म्हणालो. म्हणजे मी विचार केला होता. चूक झाली असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवली नाही.

मी मोठ्याने म्हणालो, ‘बरोबर.’

पहिलं वळण उताराच्या मानाने फार जवळ होतं, आणि तिथे खडी पसरलेली. पुढचा ब्रेक लागेना म्हणून त्यांनी मागचा करकचून दाबला असणार. चाक घसरलं. मी त्यांच्यामागेच होतो. त्यांच्या आधी सायकलचा आवाज आला, मग त्यांचा. मांडीचं हाड मोडलं होतं. दांड्यापर्यंत त्यांना उचलून आणलं. गाड्यांना बंद रस्ता, याचा एरवी आम्हाला केवढा अभिमान. त्या दिवशी टेम्पो वर येऊ शकत नव्हता.

टेम्पोत सायकली टाकताना नंदूच्या हाताला ती तार लागली. ‘अरे, ही तर सुटलेली. तपासली कोणी होती?’

मी म्हणालो, ‘मी. तेव्हा अडकवलेली होती.’ आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, ‘चहा पिताना त्यांनीच काहीतरी केलं असेल.’ तपासणी चहानंतर झाली होती. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवणं पसंत केलं.

चार दिवसांनी हॉस्पिटलात भेटायला गेलो. मांडीत सळई घातलेली. मला बघून भाऊ म्हणाले, ‘तुमचा रविवार घालवला रे मी.’ मग म्हणाले, ‘तू तपासलंस म्हणजे तार होतीच. मीच नंतर हात लावला असणार. नियम मीच केला, मोडलाही मीच. मला तर आठवतही नाही, बघ.’

आठवणार कसं? घडलंच नव्हतं.

तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. वहिनी खाली औषधं आणायला गेलेल्या. मी म्हणालो, ‘जाऊ दे भाऊ, होतं असं.’ मी त्यांना माफ केलं. ऐकताय ना? मी त्यांना.

पाय जरा आखूड राहिला. लंगडतात. सायकल त्यांनी देऊन टाकली. पण त्याचं एक वेळ सोडा. बिल्डिंगमधलं कुणी मिक्सर घेऊन आलं की म्हणायचे, ‘कारागिराकडे टाक. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही.’ हळूहळू लोक यायचे बंद झाले. वहिनी सांगतात, गॅसचं बटण बंद केलं तरी दोनदा, तीनदा उठून बघतात. ज्या माणसाने तीस वर्षं यंत्रं जुळवली, तो आपण न केलेल्या एका गोष्टीपायी स्वतःच्या बोटांना घाबरतो. तार अडकवायला ते विसरले होते, हे खरं. पण विसरणं त्यांना झेपलं असतं. त्यासाठीच तर तो नियम होता. कुणीतरी विसरणारच, म्हणून दुसऱ्याने बघायचं. तो दुसरा मी होतो.

मी अजून त्यांच्याकडे जातो. महिन्यातून एकदा तरी. औषधं पोचवतो, चहा घेतो. चांगला माणूस समजतात मला त्या घरात.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा वहिनींनी कुकरला नवी रिंग आणली होती. भाऊंनी ती बसवली. मग कुकर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ‘मिलिंद, तू बघ रे. तू बघितलंस की मला बरं वाटतं.’

मी झाकण उघडलं. रिंग बोटाने फिरवून पाहिली, सगळीकडून. नीट बसली होती. त्यांच्या हाताला काहीही झालेलं नाही. मी कुकर परत दिला, पण तो शब्द तोंडातून निघेना. ते वाट बघत राहिले.

शेवटी म्हणालो. ‘बरोबर.’ त्यांचा चेहरा सैल झाला.

परवा रविवार आहे. मी मोहन्याला भाऊंच्या घरी जाणार आहे. वहिनींनाही बसायला सांगणार आहे. चहाच्या आधी. काय बोलायचं ते ठरवलंय, फार नाही, तीनच वाक्यं आहेत. भाऊ, तार लोंबत होती. मी ती पाहिली होती. तुम्ही नंतर कशालाही हात लावला नव्हता.