भातशेतातला ट्रॅक

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की ज्युलियस मास्तर गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "अर्ज करतो." ऐकणारा हसायचा, पण त्यात थट्टा काही नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत पी.टी. शिकवली होती. दर जानेवारीत ते शहराच्या कचेरीत एक अर्ज नेऊन द्यायचे. एवढं मोठं शहर वाढतंय, इमारती उभ्या राहतायत, मुलांना धावायला एक मैदान द्या, एवढंच मागणं. असे चौदा अर्ज झाले होते. प्रत्येकाची शिक्का मारलेली प्रत घरी एका निळ्या फायलीत होती. त्यांची बायको ॲनी म्हणायची, "लग्नाआधी मला एवढी पत्रं लिहिली असतीत, तर मी दोन वर्षं आधी हो म्हटलं असतं."

मैदान नव्हतं म्हणून शहराच्या कडेच्या गास गावची पोरं धावायची राहिली होती असं मात्र नाही. क्लेमेंटचं शेत होतं ना! क्लेमेंट आणि मास्तर पहिलीपासून एका बाकावरचे. क्लेमेंटच्या घराच्या मागेच त्याचं दीड एकराचं एकच सलग खाचर होतं, मध्ये बांध नाही, कोपऱ्यात एक जुनं उंबराचं झाड. भात कापून नेलं की नोव्हेंबरअखेरपासून मे महिन्यापर्यंत ते खाचर गावाचं मैदान व्हायचं. मास्तर दोरी धरून चुन्याची फक्की मारायचे, दोनशे मीटरची गोल वाट आखायचे, आणि सकाळी सहा वाजल्यापासून तिथे पाय वाजायला लागायचे.

आता ज्यांनी भाताचं शेत फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. भात कापताना कुणी अगदी जमिनीलगत वाकत नाही. वीतभर वर विळा लावतात, कंबरही वाचते आणि वेळही. मागे राहतात ती धसकटं. वाळली की तळपायात अशी घुसतात की पोर आठवडाभर लंगडतं. म्हणून क्लेमेंट त्या एका खाचराची कापणी बुडातून करवून घ्यायचा. कापणीला येणारी धोंडूबाई दरवर्षी कुरकुरायची, आणि क्लेमेंट दरवर्षी तेच सांगायचा, "बुडातून काप गो बाय. पोरांचे पाय हायत."

याबद्दल मास्तरांनी त्याचे आभार कधी मानले नाहीत आणि क्लेमेंटनेही कधी ते मागितले नाहीत. शेत बुडातून कापलेलं दिसलं की मास्तर समजायचे, या, मैदान तुमचं. एवढ्या वर्षांत बोलायची वेळ आली नव्हती.

पंधराव्या अर्जाच्या वेळी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी मास्तरांना अगदी आपुलकीने सांगितलं, "सर, नुसती मागणी करू नका. जागा सुचवा, नकाशा जोडा." मास्तरांना हे फारच पटलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी क्लेमेंटचं खाचर आणि त्याला लागून असलेली शेतं पावलांनी मोजली. घरी येऊन पट्टीने सुरेख नकाशा काढला. उंबराला वळसा घालून गेले होते, तर नकाशातही त्या कोपऱ्यात खाच ठेवली. गट नंबर त्यांना तोंडपाठ होते. आणि खाली, सुवाच्य अक्षरात, लिहिलं, 'सदर जागा मोकळी, सपाट व कोरडी आहे.'

गावात जन्मलेल्या माणसाने हे लिहावं! पावसाळ्यात त्याच जागी गुडघाभर पाणी असतं आणि त्या पाण्यात बारा घरांचं वर्षाचं भात उभं असतं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? ठाऊक होतंच. पण फेब्रुवारीत मास्तरांना तिथे भात दिसतच नसे, पोरं दिसत. शिवाय चौदा अर्ज कुणी वाचले नाहीत तर पंधरावा कोण वाचणार, असंही मनात कुठेतरी होतं.

पंधरावा वाचला गेला.

दीड वर्षाने, जून महिन्यातल्या एका रविवारी, मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पडवीत लोक गोळा झाले होते. भिंतीवर कुणीतरी शहराच्या कचेरीचा एक आराखडा चिकटवला होता. वीस हजार प्रेक्षकांचं स्टेडियम, आठ लेनचा ट्रॅक, वाहनतळ. अजून ठरलेलं काही नव्हतं. लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि जुलैत सुनावणी होती. मास्तर गर्दीतून पुढे गेले. त्यांनी चष्मा लावला. लाल रेषेने आखलेल्या जागेच्या कोपऱ्यात एक खाच होती, उंबराएवढी.

शेजारी क्लेमेंट उभा होता. रागाने तो आराखड्यावर बोट आपटत होता. "हे कोनी दिलं असंल रे? ह्याला आपला बांध न् बांध ठाव हाय. इथं भराव टाकला तर पानी जानार कुठं? तुझ्या-माझ्या घरात!"

 पडवीतच टेबल टाकून हरकतीच्या अर्जावर सह्या घेणं चालू होतं. "मास्तर, पहिली सही तुमची," कुणीतरी म्हणालं.

"चष्मा विसरलो," मास्तर म्हणाले. चष्मा नाकावर होता. ॲनीने तो पाहिला आणि क्लेमेंटनेही पाहिला असावा, पण मित्र म्हणून त्याने ते सोडून दिलं.

घरी आल्यावर ॲनीने निळी फाईल काढली, पंधरावी प्रत वर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "क्लेमेंटला जाऊन सांगा."

"सांगतो," मास्तर म्हणाले. रोज सांगतो म्हणायचे. रोज बांधापर्यंत जायचे. क्लेमेंट रोपं लावता लावता आवणीच्या चिखलातून हात हलवायचा आणि मास्तरही हात हलवून परत यायचे. मुलांना 'हरलात तर हात मिळवा आणि चूक झाली तर कबूल करा' असं एकतीस वर्षं सांगणारा माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा बांधाच्या पुढे पाऊल पडेना.

त्यातच एका संध्याकाळी सुरुची आली. शेजारच्या सोपाऱ्याला एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहणारी, कोकणातून आलेल्या प्रल्हाद नावाच्या नोकरदाराची सोळा वर्षांची मुलगी. आठशे मीटर धावायची. जिल्ह्यात पहिली, राज्यात चौथी. हे सगळं मास्तरांच्या हाताखाली, क्लेमेंटच्या खाचरातल्या फक्कीवर झालं होतं. पावसाळ्याचे महिने मात्र ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांना वळसे घालत धावायची, आणि वॉचमन ओरडायचा.

"सर, सिंथेटिक ट्रॅक! बारा महिने! आमची सगळी बिल्डिंग सुनावणीला येतेय सपोर्ट करायला. तुम्ही फर्स्ट बोला ना, प्लीज."

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटही येऊन गेला. "तू शिकलेला. गावाच्या वतीनं तूच बोल."

त्या आठवड्यात मास्तरांना जेवण गेलं नाही. मुलीचा हक्क खरा होता. एका मोठ्या शहरातल्या मुलीने वॉचमनच्या शिव्या खात धावावं ही लाजेचीच गोष्ट होती, आणि हेच तर ते पंधरा वर्षं लिहीत आले होते. आणि क्लेमेंटचं पाणीही खरं होतं.

सुनावणीच्या दिवशी हॉलमध्ये एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला टॉवरवाले. मधल्या टेबलाशी एक अधिकारी बाई, समोर फाईल. त्यांनी शांतपणे सुरुवात केली, "ही जागा एका स्थानिक नागरिकाच्या अर्जावरून विचारात घेतली गेली. अर्जदाराचं नाव..."

"मी," मास्तर उभे राहिले. "ज्युलियस. नकाशा माझा. अक्षर माझं."

 मास्तरांनी क्लेमेंटकडे बघायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. ते टेबलाकडे बघून बोलले, "मोकळी आणि कोरडी लिहिलं ते खोटं आहे. फेब्रुवारीत पाहून लिहिलं. ती माझ्या मित्राची भाताची जमीन आहे, आणि आज, आत्ता, तिथे गुडघाभर पाणी आहे. चार गावांचं पाणी तिथूनच खाडीला जातं. तिथे भराव नको."

"म्हणजे तुमचा स्टेडियमला विरोध आहे?" बाईंनी विचारलं.

"मैदान हवंच आहे, मॅडम. ट्रॅक हवा. वीस हजार खुर्च्या नकोत, खुर्च्यांवर कुणी धावत नाही. त्या गेल्या तर निम्मी जागा पुरेल."

"मग जागा कुठे?"

"मला माहीत नाही." टॉवरवाल्यांच्या बाजूने हसण्याचा आवाज आला. मास्तर त्यांच्याकडे वळले. "पण या वेळी आपण पावसात फिरून शोधू. मी येतो तुमच्या माणसांबरोबर."

बाईंनी लिहून घेतलं. मास्तर खाली बसले तेव्हा क्लेमेंटची खुर्ची रिकामी होती. जिन्यात सुरुची उभी होती, डोळे लाल. "सर, मग माझं काय?"  मास्तर म्हणाले, "बाळ, मी चुकलो," आणि त्याने तिला काहीच मिळालं नाही हे त्यांनाही कळत होतं.

ऑगस्टमध्ये मास्तर सर्व्हेवाल्यांबरोबर गमबूट घालून चार दिवस हिंडले. उंबरापाशी पाणी मोजलं, ते बुटात शिरलं. हायवेकडच्या उंचवट्यावरच्या दोन जागा कागदावर उतरल्या. निर्णय अजून व्हायचाच होता, आणि गावावरचं संकट टळलं असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पण फायलीत आता पावसाळाही लिहिला गेला होता.

क्लेमेंट मात्र बोलेना. चर्चमध्ये त्याने बाक बदलला. सणाला त्याच्या घरून दरवर्षी येणारी केळ्यांची फणी आली नाही. ॲनीने दोनदा जाऊन पाहिलं. क्लेमेंट तिच्याशी नीट बोलला, चहा पाजला, मास्तरांचं नाव काढलं नाही. साठ वर्षांची दोस्ती, आणि मास्तर मागच्या दारी बसून एकटेच म्हणायचे, "मी मोकळी लिहिलं. त्याच्या जमिनीला मी मोकळी म्हटलं." कंपनीने जमीन काढून घेतली असती, सरकारने घेतली असती तर क्लेमेंट लढला असता. दोस्ताशी कसा लढणार?

नोव्हेंबर लागला. गावात कापणी सुरू झाली. मास्तर बांधाकडे जायचं टाळत होते. क्लेमेंटने खाचर वीतभर वर कापलं असेल तर ते पाहायची त्यांची हिंमत नव्हती. एवढं एकच उत्तर क्लेमेंटकडून यायचं बाकी होतं आणि ते धसकटांतच कळणार होतं. शेवटी एका सकाळी दारात सुरुची आली, हातात बूट. जुलैनंतर पहिल्यांदाच.

"सर, बघून तरी येऊ ना."

दोघं गेली. पहिली शेतं दिसली, सगळीकडे वीतभर उंच धसकटं.  उंबराच्या पुढे मास्तर वळले आणि थांबले.

खाचर एखाद्या अंगणासारखं भादरलेलं होतं, एक धसकट वर नाही. धोंडूबाई तापाने आली नव्हती. पलीकडच्या टोकाला क्लेमेंट स्वतः, सदुसष्ट वर्षांचा, उकिडवा बसून शेवटची पट्टी बुडातून कापत होता.

मास्तर जवळ गेले. क्लेमेंटने मान वर केली नाही.

"पाय हायत पोरांचे," तो म्हणाला. "फक्की उद्या आन. आज ओल हाय." मग विळा थांबला. "आनि नकाशा काढू नको."

मास्तर हसले, आणि हसता हसता रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. क्लेमेंटने बाजूला पडलेला दुसरा विळा पायाने त्यांच्याकडे सरकवला. मास्तर वाकले. गुडघे कुरकुरले, कंबरेत कळ आली, तरी त्यांनी विळा अगदी जमिनीला लावला. मागे सुरुचीने बूट उंबराखाली ठेवले होते आणि अनवाणीच ती पहिला फेरा घेत होती.