एवढं सोडून

"तुम्ही खरंच मोटारसायकलवरून इंडियाला गेला होतात?" असं कुणी विचारलं, की ताई उजव्या हाताची चार बोटं जुळवून समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "हो. एवढं सोडून."

विचारणारा गोंधळायचा. चार दिवस? चार मैल? ताई खुलासा करायच्या नाहीत. मलाच मेली लाज वाटायची. नुसतं 'हो' म्हटलं तर काय बिघडणार होतं? तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. शाबासकी पदरात पडते न पडते, तोच तिच्यातली चिमूटभर काढून परत करणारी.

आम्ही दोघी विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायचो. मी मिरजेकडच्या खेड्यातली. शाळा सातवीतच सुटली, लग्न होऊन विलायतेत, हाउन्सलोला आले ते अठ्ठ्याऐंशी साली. घरात फोन वाजला तरी मी दचकायचे. पहिल्याच आठवड्यात मी एका अख्ख्या विमानाच्या ट्रेमध्ये चमचे ठेवायला विसरले. सुपरवायझर ओरडायला लागला तशी शेजारच्या बाईनं लाल बटण दाबून ट्रे पुढे नेणारा पट्टाच बंद केला. "आधी चमचे ठेवू, मग ओरडा," ती त्याला इंग्रजीत म्हणाली. मग मला मराठीत, "हात चालव गं."

त्याच ताई. त्या दिवशी माझी नोकरी वाचली. त्याचे आभार मी कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवले असते तर त्यांनी मला झापलंच असतं.

ताई इचलकरंजीच्या. वडिलांचं तिथं गॅरेज होतं. नवरा गेल्यावर, पंचेचाळिशीत, बिनपगारी रजा घेऊन त्या जुन्या मोटारसायकलवरून हाउन्सलोहून निघाल्या आणि वडिलांच्या गॅरेजसमोर जाऊन उतरल्या. येताना विमानानं आल्या, गाडी बोटीनं आली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एकदा कुणीतरी म्हणालं, "या वयात हे? घरी सांगणारं कुणी नाही का?" ताई म्हणाल्या, "सांगतात की. पण मी हेल्मेट घालते, ऐकू येत नाही."

दर ऑगस्टमध्ये डर्बीशायरमधल्या एका शेतावर लांबच्या पल्ल्याच्या मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरायचा. कुणी सहारातून आलेला, कुणी थेट केपटाउनहून. एका वर्षी ताई मला म्हणाल्या, चल. मी म्हटलं, मला भीती वाटते. "घाबर की," त्या म्हणाल्या, "पण मागे बसून घाबर."

मी मोटरवेवर लेस्टरपर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणत गेले.

शेतमालक गोरा म्हातारा होता, स्वतः जग फिरून आलेला. त्याच्या धान्याच्या कोठारात भिंतभर जगाचा नकाशा होता. तिथला नियम असा, की ज्यानं गाडी चालवली त्यानं आपल्या रस्त्यावर टाचण्या टोचून लोकर लावायची. जेवढं चालवलं तेवढीच. मागे बसणाऱ्याला लोकर नाही, पण पहिला चहा त्याचा. म्हणून त्या दाढीवाल्या, लेदरच्या जॅकेटांच्या गर्दीत पहिला मग माझ्या हातात यायचा, आणि सगळे बघताहेत म्हणून मी तो सांडायचे.

नकाशावर ताईंची लोकर लाल होती. हाउन्सलोपासून निघालेली, पण मध्येच एका देशाच्या सरहद्दीला तुटलेली, आणि चार बोटं पुढे पुन्हा सुरू झालेली.

तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, बाईमाणसानं मोटारसायकल चालवायची नाही. गाडी ट्रकमध्ये घाला, तुम्ही बसमध्ये बसा. ताई दोन दिवस त्या फाटकासमोर गाडीवर बसून राहिल्या. शेवटी व्हिसाचे दिवस संपत आले तशी गाडी ट्रकमध्ये चढली. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण बसमधल्या बायकांनी त्यांना तीन दिवस आपल्यातलं खाऊ घातलं होतं. "माणसं चांगली होती," ताई सांगायच्या, "हुकूम वाईट होता."

संध्याकाळी कोठारात गोष्टी रंगायच्या. ताईंची थालीपिठं आणि ठेचा फिरायचा. एक धिप्पाड जर्मन ठेचा खाऊन डोळे पुसायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. कुणी वाळवंटाची फारच बढाई मारायला लागला, की ताई हळूच विचारायच्या, "आणि त्या ट्रकमध्ये पेट्रोल कुणी भरलं?" तो लाल व्हायचा. मध्येच गाडी ट्रकमध्ये घालूनही लोकर पूर्ण लावून मोकळे झालेले बरेच होते, ताईंना सगळ्यांचे ट्रक ठाऊक होते.

दर वर्षी कुणीतरी भला माणूस उठून म्हणायचा, बाई, तेवढी लोकर जोडून टाका. तुम्ही चालवलंच असतं, आम्हाला माहीत आहे. एकदा तर त्यांनी हात वर करून मतदान घेतलं. सगळे हात वर. माझाही. ताईंनी फक्त नकाराची मान हलवली.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा त्या माझ्यावर उखडल्या. "तू पण हात वर केलास?"

मी म्हटलं, "ताई, तुमच्या भल्यासाठीच ना. बघायला पण बरं दिसेल."

"बरं दिसायलाच नकोय मला," त्या म्हणाल्या. "अगं, जोडलं तर त्या फाटकावरच्या अधिकाऱ्यानं मला अडवलंच नव्हतं असं होईल. ती मोकळी जागा माझी नाही, त्याची आहे. राहू दे तिथं. लोकांना दिसू दे."

आम्ही पुन्हा गाडीवर बसलो. मागच्या सीटवरून पुढे दिसते ती फक्त पाठ. ताईंची पाठ मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली.

शहाण्णवच्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. वॉर्डमध्ये नर्सनं विचारलं, ही तुमची कोण? ताई म्हणाल्या, "ही माझ्या मागे बसते." नर्सनं कुठूनतरी ऐकलं होतं. म्हणाली, "तुम्ही इंडियापर्यंत बाइकवर गेलात म्हणे?" तेवढ्या बोलण्यानंच ताईंना दम लागला होता. पांघरुणाखालून हात बाहेर आला. चार बोटं.

आठवड्याभरात त्या गेल्या.

ऑगस्टमध्ये मी ट्रेननं, मग बसनं, मग दोन मैल चालत त्या शेतावर गेले. डब्यात थालीपिठं होती. कोठारात सगळे टोप्या काढून उभे होते. म्हाताऱ्यानं नेहमीसारखा पहिला चहा माझ्या हातात दिला आणि नकाशाकडे बोट केलं. त्यांनी तश्शीच लाल लोकर शोधून आणली होती. ताईंची रेघ आता इथून तिथपर्यंत सलग होती.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मनात खोट नव्हती, हे मला आजही कबूल आहे. त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी चहा खाली ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, कात्री आहे का? कुणाला कळेना. जर्मनानं खिशातला चाकू काढून दिला. मी नकाशापाशी गेले, नवी लोकर या टोकाला कापली, मग त्या टोकाला कापली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे त्यांनी चालवलं नाही. त्यांना चालवू दिलं नाही."

तुम्हाला हे निष्ठुर वाटेल. तिथंही काहींना वाटलं. मग म्हातारा पुढे आला, त्यानं ती मोकळी जागा आपल्या बोटांनी मापली आणि मान डोलावली.

मी घाबरले नव्हते असं नाही. पण त्या दिवशी पुढे उभी राहून घाबरले.

चहा गार झाला होता. सगळे बघत होते, तरी न सांडता प्याले.